अवघड पान आधी

प्रिय मुली,

तुझं पाकीट मिळालं. तुझ्या नव्या संगीत मासिकाची एकवीस कव्हरं, प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली फॉन्टची नावं, आणि सोबतच्या चिठ्ठीत एकच प्रश्न: यातला कोणता फॉन्ट संगीताचा वाटतो? खरं सांगतो, पहिले दोन दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो. मग चिठ्ठीची शेवटची ओळ पुन्हा वाचली. "तीन महिने झाले, अजून एकही पान लागलं नाही. मला हे जमत नाहीये का?" म्हणून आज सकाळची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो.

जमतंय की नाही ते कळायला आधी सुरुवात व्हायला हवी. अंकात दर महिन्याला दोन बंदिशी स्वरलिपीसकट, म्हणजे स्वर लिहून, देणार, असं तूच लिहिलंयस. मग या एकवीस कागदांत स्वरलिपीचं एकही पान का नाही? कव्हर, लोगो, मोठा मथळा, तंबोऱ्याचा फोटो, हे सगळं कुठल्याही अक्षरात बरं दिसतं. अंकातलं सगळ्यांत अवघड पान कोणतं ते शोध आणि ते आधी लाव. अवघड पान आधी. तीस वर्षांत मला एवढंच कळलं आणि तेही फार उशिरा.

कसं कळलं ते सांगतो. एका संगीतविषयक विशेषांकाची मांडणी माझ्याकडे होती. कव्हरवर मी पाच आठवडे घालवले. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, तो युनिकोडमध्ये बदलून घेतला. लेखांची प्रुफं दोनदा वाचली. स्वरलिपीची चार पानं मात्र शेवटच्या रात्री लावली, झोपेत असल्यासारखी. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमावर उभी. फॉन्ट बदलताना त्या सगळ्या रेघा गळून पडल्या होत्या. भैरवात रिषभ आणि धैवत, म्हणजे रे आणि ध, कोमल. रेघा गेल्या की सातही स्वर शुद्ध, म्हणजे कागदावर उरला तो दुसराच राग, बिलावल. वर मथळा मात्र 'राग भैरव', ७२ पॉइंटात, झोकात.

अंक बाहेर पडल्यावर आठवड्याभरात एक वयस्कर गुरुजी माझ्या टेबलापाशी आले. पिशवीतून अंक काढला, पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून, जसं छापलंय तसं गायले. दोनच ओळी. शुद्ध रिषभ लागला तेव्हा त्यांचं बोट त्या अक्षराखालच्या कोऱ्या जागेवर थांबलेलं होतं. "माझ्या मुलींनी गेल्या आठवड्यात हे असं बसवलं," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. पुढच्या अंकात आम्ही शुद्धिपत्र छापलं. पण गळ्यात बसलेलं शुद्धिपत्राने कसं निघणार?

ते बोट मला अजून दिसतं.

आता फॉन्टकडे वळू. तुझी सगळी यादी घे आणि प्रत्येक फॉन्टात ही एक ओळ टाइप कर: षड्ज, मूर्च्छना, औडुव, श्रुती, द्रुत, अंतऱ्यात, तंबोऱ्याच्या. अकरा पॉइंटात, कागदावर. कित्येक फॉन्टांत षड्जमधल्या ड चा पाय मोडलेला दिसेल. संगीताच्या मासिकात पहिलाच स्वर लंगडत यावा, हे मला सहन होत नाही. अंतऱ्यातल्या ऱ्याच्या जागी रफार चढला असेल तर आधी टायपिंग तपास, मग फॉन्ट. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते भिंगातून बघ. काही फॉन्टांत मराठी वळण आत दडलेलं असतं, मजकुराची भाषा मराठी अशी नोंद केल्याशिवाय ते बाहेर येत नाही. तुझे निम्मे फॉन्ट इथेच गळतील आणि तुझा तीन महिन्यांचा गुंता सुटेल.

उरलेल्यांना स्वर घालून बघ. वेदमंत्रांच्या उच्चारासाठी युनिकोडमध्ये दोन चिन्हं आहेत, अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी. तीच आपल्याला कोमल-तीव्रासाठी वापरता येतात: रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि म॑. रेघ अशी मजकुरातच टाइप केली की फॉन्ट बदलला तरी ती जागची हलत नाही. त्या रात्री मला हे ठाऊक असतं तर! पण चिन्ह फॉन्टात असणं वेगळं आणि नीट बसणं वेगळं. नि॒ खालची रेघ न च्या मधोमध येते की वेलांटीकडे सरकते, मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकाचा टिंब पुढच्या ओळीतल्या अक्षरांच्या मात्रांवर आदळतो का, ते बघ. स्वरलिपीच्या एका ओळीत वर तार, म्हणजे वरच्या, सप्तकाचा टिंब, मग अक्षराची मात्रा, अक्षर, कोमलाची रेघ, मंद्राचा टिंब, तालाच्या एका मात्रेतले स्वर बांधणारी चंद्रकोर, त्याखाली बंदिशीचे शब्द आणि त्याखाली तालाच्या खुणा असतात. दोन ओळींत किती जागा सोडायची हे तुला लेखाचं पान कधीच सांगणार नाही. हे पान सांगेल.

माझं मत हवंच असेल तर, लेखांसाठी तिरो देवनागरी मराठी डोळ्यांना सुखाचा आहे, पण त्याला ठळक वेट, म्हणजे जाड अक्षर, नाही, उपमथळ्यांना दुसरा जोडीदार शोधावा लागेल. 'मुक्त' नावाचा फॉन्ट सात वेटांत मिळतो. दोन्ही चांगले. पण मी सांगतो म्हणून घेऊ नकोस, पानाला विचारून घे.

मांडणीचंही तसंच. तू अंक डेमी आकारात धरलायस, रुंदी साधारण १४० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १५ सोडले की ११० उरतात. त्रितालाच्या १६ मात्रा एका ओळीत मांडायच्या तर एका मात्रेला सात मिलिमीटरही येत नाहीत. त्यात द्रुत तानेतले चार स्वर कोंबून दाखव मला! ए-फोर घेतलास तर १८० भागिले १६, म्हणजे सव्वाअकरा. तिथे चार स्वर श्वास घेतील. म्हणजे अंकाचा आकारसुद्धा अवघड पानच ठरवतं. तेच सोळा रकाने पुढे लेखांना वापर, आठ-आठचे दोन स्तंभ. झपतालाच्या दहा मात्रा आल्या तर सहा घरं मोकळी राहू देत, ताणून बसवू नकोस.

आणखी एक. स्थायी आणि अंतरा, बंदिशीचे हे दोन भाग, समोरासमोरच्या पानांवर यायलाच हवेत. पेटी वाजवणाऱ्याचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, पान उलटायला तिसरा हात कुठून आणणार? अंक मधोमध पिन मारून बांध. कण्याला चिकटवलेला अंक पेटीवर उघडा राहत नाही.

तू अमेरिकन मांडणीकार डेव्हिड कार्सनचं उदाहरण दिलंयस. १९९४ साली 'रे गन' या संगीताच्या मासिकात त्याने गायक ब्रायन फेरीची मुलाखत झॅफ डिंगबॅट्समध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या चिन्हांत लावली. धाडस होतं, मान्य. पण ती मुलाखत वाचता आली नाही तरी वाचक फेरीची रेकॉर्ड लावून गाणं ऐकू शकत होता. तुझ्या पानावरून मिरजेतली एखादी मुलगी गाणं उचलणार आहे. तिची फसवणूक करायचा अधिकार मला नव्हता आणि तुलाही नाही.

लोगोसाठी तू सर्वांत जास्त रडतेस, म्हणून तो शेवटी. तुझ्या एकवीसपैकी नऊ नमुन्यांत शिरोरेषेची तार केलीयस आणि चारांत पाश्चात्त्य संगीतातला ट्रेबल क्लेफ आहे. भातखंड्यांच्या स्वरलिपीत ते चिन्ह येतच नाही, मग ते तुझ्या मुखपृष्ठावर काय करतंय? 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत नियतकालिकाचा पहिला अंक १९६७ च्या नोव्हेंबरात निघाला तो चित्रकार रिक ग्रिफिनने केलेल्या लोगोच्या कच्च्या रेखाटनावर. ते अक्षर पुढे सुधारत गेलं, १९८१ मध्ये जिम पार्किन्सनने ते नव्याने रेखाटलं. वाचकांनी तोवर अंक घेतला तो आतल्या पानांसाठी. आणि कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांची जी अक्षरं केली ती जवळ घेऊन बघ, त्यांत नाटकाचा स्वभाव उतरलेला दिसतो. तुझ्या मासिकाचा स्वभाव अजून ठरायचाय. चार अंकांची आतली पानं लागू देत, हाताला वळण सापडेल. तोवर साध्या ठळक अक्षरात नाव छाप.

मला हट्टी म्हणतात, हे तुझ्याही कानावर आलं असेल. त्या विशेषांकानंतर एका संपादकांनी काम देऊ केलं आणि सोमवारी कव्हर दाखवा म्हणाले. मी म्हटलं, सोमवारी स्वरलिपीचं पान दाखवतो, कव्हर महिन्याने. काम गेलं. तेव्हा घरात पैशांची चणचण होती, बायकोने महिनाभर नीट बोलणं टाकलं होतं. त्याला अहंकार म्हणणारे म्हणोत. माझ्या डोळ्यांसमोर ते थांबलेलं बोट होतं आणि दुसऱ्यांदा ते बघायची माझी तयारी नव्हती. आजही तेच उत्तर दिलं असतं. तुला एवढ्या कडक शब्दांत लिहितोय तेही त्यामुळेच. तू माझ्यासारखे पाच आठवडे कव्हरवर घालवू नयेस, बस्स.

तर आता एवढं कर. ती कव्हरं कपाटात ठेव. राग ललितचं एक पान लाव. नावात दोन ल आहेत, फॉन्टची परीक्षा तिथेच होईल. सुरांत दोन्ही मध्यम शेजारी येतात: नि रे॒ ग म, म॑ म ग. त्या पानाचा प्रिंट काढ, त्याची झेरॉक्स काढ, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. असलं पान शिष्यांपर्यंत पोचतं ते असंच, तिसऱ्या-चौथ्या हाताने. त्यात म वरची उभी रेघ टिकली आणि रे खालची आडवी दिसली, तर तोच तुझा फॉन्ट.

रविवारी दुपारी ती शेवटची झेरॉक्स घेऊन ये. शेजारच्या बाई पेटी चांगली वाजवतात, त्यांना बोलावून ठेवतो. रागाचं नाव वरून कापून टाक. पान त्यांच्यासमोर ठेवू आणि आपण दोघं गप्प बसून ऐकू.