‘दृश्यकाव्य’ आधी खोड

पुणे

अनेक आशीर्वाद.

‘द ट्री ऑफ लाइफ’ या सिनेमावरचा तुझा लेख वाचला. दोन पानांत ‘दृश्यकाव्य’ चार वेळा आलंय. ते आधी खोड. रविवारी माझ्याकडे सिनेमा बघून आपण लॉ कॉलेजच्या टेकडीवर गेलो, तेव्हा तू वैतागून म्हणाला होतास, "सर, घरातलं सगळं चाललेलं असताना मधेच डायनोसॉर कशाला?" हा प्रश्न लेखात का नाही? २०११ साली कान चित्रपट महोत्सवात त्याला पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, म्हणून दबलास?

तो डायनोसॉरचा भाग येतो कधी ते बघ. मुलगा गेल्याची तार येते, आई देवाला जाब विचारते, त्यानंतर. आणि सिनेमा सुरूच होतो तो देवाने बायबलमधल्या, दुःखात त्याला जाब विचारणाऱ्या ईयोबाला केलेल्या उलट्या सवालाने: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? म्हणजे त्या भागातले ते तारे, ते ज्वालामुखी हे आईला मिळालेलं उत्तर. सांत्वन नव्हे. (त्यातली काही दृश्यं स्पेशल इफेक्ट्सचा जाणकार डग्लस ट्रम्बल याच्या मदतीने रंग, रसायनं, धूर वापरून प्रत्यक्ष कॅमेऱ्यावर टिपलीत. मला याचं फार कौतुक आहे, पण ते पुन्हा कधीतरी.)

मला भिडलं ते मात्र साधंच. बाप कामासाठी परगावी जातो आणि मुलं आईसकट घरभर हुंदडतात. आमचे वडील फिरतीवर गेले की सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत रेडिओ मोठा व्हायचा. एरवी सगळ्यांच्या मागून जेवणारी आई आमच्याच पंगतीला बसायची. जिन्यात चपला वाजल्या की रेडिओ बंद. वडील वाईट नव्हते. सिनेमातला बापही नाही. संगीतकार व्हायचं राहून गेलेला, ऑर्गन वाजवणारा माणूस तो.

शेवटचा समुद्रकिनारा मला आजही पटत नाही. तिथे सगळे भेटतात आणि मी घड्याळ बघतो. तुलाही असं कुठे झालं असेल तर बेलाशक लिही.

आणि एक. जेवणाच्या टेबलावर बाप मुलावर धावून जातो, तेव्हा तू पाण्याची बाटली उघडलीस आणि न पिताच बंद केलीस. मी बघत होतो. तुझ्या लेखात त्या प्रसंगावर एक ओळ नाही. तिथून सुरुवात कर. छापायला नाही दिलंस तरी चालेल.

गुरुवारी संध्याकाळी घरीच आहे.