वर्गात खेळ आणि कोडी घेऊन मुलांना खरंच गणित येतं का? मुलाला स्कॉलरशिपला बसवायचंय आणि वही कोरीच आहे.

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलाच्या नवीन बाई गणिताच्या तासाला खेळ घेतात, कोडी घालतात, महिना झाला तरी वहीत चार पानंसुद्धा नाहीत, तर शाळेत जाऊन तक्रार करावी का. ते कोऱ्या वहीचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय. तक्रार करू नका.

मी लालबागच्या बाजूला एका मराठी शाळेत 26 वर्षं गणित शिकवलं. 2009 च्या आसपासची गोष्ट. सहावीचा वर्ग, पट 58, मधल्या सुट्टीनंतरचा तास, म्हणजे अर्धी पोरं पेंगलेली. मी फळ्यावर आठ स्टेशनं लिहिली. सीएसटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. विचारलं, यातल्या कुठल्याही स्टेशनवरून दुसऱ्या कुठल्याही स्टेशनला जायचं तर वेगवेगळी तिकिटं किती प्रकारची लागतील? रिटर्न धरायचं नाही. एवढं बोलून गप्प बसले, आणि ते गप्प बसणंच सगळ्यात अवघड असतं हो, जीभ शिवशिवते सांगायला.

पहिलं उत्तर आलं आठ. मग सात. मग एक जण ओरडला, आठ आठे 64! त्यावर शेजारचा म्हणाला, येडा आहेस का, चिंचपोकळीवरून चिंचपोकळीचं तिकीट कोण काढेल? झालं, 64 मधून आठ गेले, 56. मी अजून गप्प. खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, तिने वहीत सात, सहा, पाच असं खाली एकपर्यंत लिहून बेरीज केली होती, तिचे आले 28. मग जे भांडण पेटलं! करी रोड ते परळ कोणी गाडीने जातं का, चालतच जातात, इथपर्यंत गाडी गेली. शेवटी त्या मुलीनेच उभं राहून सांगितलं की मी भायखळा-दादर एकदाच धरलं, पण दादर-भायखळा तिकीट वेगळं छापतात, म्हणून माझ्या 28 ची दुप्पट. आणि मग तिच्याच लक्षात आलं की म्हणजे सातपासून एकपर्यंतची बेरीज करत बसायची गरजच नाही, आठ साती 56 चं अर्धं केलं की झालं. मी सूत्र फळ्यावर लिहिलं नव्हतं. मागून आवाज आला, बाई, मग कल्याणपर्यंत धरलं तर किती?

नेमक्या त्या वेळी सुपरवायझर दारात. गणिताचा तास आहे की पीटीचा, म्हणाले. त्याच मुलीची वही उचलली, त्यात एक पान, सगळी खाडाखोड. सगळ्या वर्गासमोर मला म्हणाले, पालक वही बघतात बाई, हे दाखवणार का? युनिट टेस्टला आठ दिवस होते, पोर्शन मागे होता हे खरंच होतं, आणि मी खाली मान घालून उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून उदाहरणसंग्रह, फळ्यावरून उतरवून घ्या, पानं भरा. पानं भरली. कल्याणचं कोणी परत विचारलं नाही.

त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं ते आज तुम्हाला सांगते. त्या 35 मिनिटांत मुलांनी गुणाकार का करायचा, कधी करायचा, एकच गोष्ट दोनदा मोजली जाते ती कशी पकडायची, हे सगळं स्वतः केलं. दहा सोडवलेली उदाहरणं उतरवून मूल फक्त अकरावं तसंच असेल तर सोडवतं. स्कॉलरशिपचा पेपर काढणारा अकरावं तसं देत नाही.

आपल्याकडे डहाणूला जन्मलेले आणि देवळालीला शाळामास्तर असलेले दत्तात्रय कापरेकर आकड्यांशी खेळता खेळताच 1949 मध्ये 6174 पर्यंत पोचले. घरी करून बघा. चारही अंक सारखे नसतील असा कुठलाही चार अंकी आकडा, रस्त्यावरच्या टॅक्सीचा नंबर घ्या. समजा 2903. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. 9320 वजा 0239, आले 9081. परत तेच. 9621, मग 8352, मग 6174, आणि तिथून पुढे हलतच नाही. जास्तीत जास्त सात वेळात तिथे पोचतंच. मुलगा हातच्याच्या वीस वजाबाक्या न सांगता करेल.

दुसरा खेळ, 21 काड्या. पाळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायच्या, शेवटची उचलेल तो जिंकला. समोरच्यासाठी चारच्या पटीत काड्या ठेवायच्या ही त्यातली मेख, पण कृपा करून सांगू नका. हरू दे चार दिवस.

मोबाईलवर बरोबर उत्तराला नाणी मिळतात त्या ॲपना मी यात धरत नाही, तिथे विचार करायला वेळच नसतो. सापशिडीतही फासा पडेल तसं जायचं, लहानांना मोजायला बरी.

हां, पाढे मात्र पाठच हवेत, 64 आणि 56 तोंडावर नसते तर ते भांडणच झालं नसतं. आणि खेळ संपल्यावर बाई मुलांशी बोलत नसतील, का जिंकलास, कसं सुचलं हे विचारत नसतील, तर तुमची शंका बरोबर आहे. परीक्षेआधी दोन महिने घड्याळ लावून जुने पेपरही सोडवून घ्या, वेगाचा सराव खेळातून होत नाही.

बाईंना भेटायला नक्की जा, पण वही घेऊन जाऊ नका. आदल्या रात्री मुलाला विचारा, आज वर्गात कसला खेळ झाला, मला शिकव. त्याने शिकवला, आणि तुम्ही चुकलात तिथे थांबवून का चुकलात ते सांगितलं, तर बाईंना तेवढंच सांगा. त्यांच्याही वर्गाच्या दारात कोणीतरी येऊन उभं राहत असेल.