इस्लाममध्ये आत्महत्या हराम आहे, मग गिझरमध्ये इतक्या तरुण मुली जीव का देतात?

पाकिस्तानच्या ताब्यातल्या गिलगिट-बाल्टिस्तानमधल्या गिझर जिल्ह्याबद्दल तुम्ही विचारलंय. मी रुग्णालयात समुपदेशक आहे, त्यामुळे या विषयावर मिळेल ते वाचत असते. गिझरबद्दल वाचलं तेव्हा या मुली मला ओळखीच्या वाटल्या.

गिलगिटच्या पश्चिमेला पुनियाल, इश्कोमन, गुपिस, यासीन अशा खोऱ्यांचा हा डोंगराळ मुलूख. १९९८ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार, त्यात इस्माइली या शिया मुस्लिम पंथाचे लोक जास्त. २००० ते २००४ या पाच वर्षांत इथे ४९ स्त्रियांनी आत्महत्या केली. कराचीच्या आगा खान विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ मुराद मूसा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. सगळ्यात जास्त प्रमाण पंचविशीच्या आतल्या मुलींचं होतं.

धर्माचा धाक खोटा नाही. मुस्लिमबहुल देशांत आत्महत्यांचं प्रमाण सहसा कमी दिसतं, पण ते नोंद झालेलं प्रमाण. जो धाक माणसाला थांबवतो, तोच घरच्यांना लपवायला लावतो. जनाज्याची नमाज कोण पढवेल, धाकट्या मुलींची लग्नं कशी जमतील, ही काळजी असते. त्यात पाकिस्तानात डिसेंबर २०२२ पर्यंत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हाच होता, कलम ३२५, एक वर्षापर्यंत कैद. अनेकांना हा शरियतचा कायदा वाटतो. त्याचं मूळ मात्र इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेत आहे, आपल्या जुन्या कलम ३०९ चंही तेच. खुद्द इंग्लंडने तो गुन्हा १९६१ मध्येच रद्द केला होता.

लपवणं आपल्याकडेही आहेच. एका बापाने माझ्यासमोर हात जोडले होते, "मॅडम, पोटदुखीला कंटाळून असं लिहा." मुलगी एकोणीस वर्षांची, लग्नाला आठ महिने झालेले. कागदावर पोटदुखीच आली. आपल्या वर्तमानपत्रांत ही 'पोटदुखी' तुम्हीही कितीदा वाचली असेल.

गिझरमध्ये इस्माइलींचे धर्मप्रमुख आगा खान यांच्या संस्थांनी मुलींसाठी शाळा काढल्या. मुली शिकल्या, कॉलेजला जाऊ लागल्या. लग्न कधी आणि कोणाशी, हे मात्र घरातली मोठी माणसंच ठरवत राहिली. परीक्षेत नापास होणं, मनाविरुद्धचं लग्न, सासरचा जाच, आणि मनातलं बोलावं तर सगळं खोरं नात्यातलं. यावरून "मुलींना शिकवलं म्हणून असं झालं" असा निष्कर्ष कोणी काढू नये, कृपा करून. शिक्षणाने मुलींचा जीव घेतला नाही. शिकलेल्या मुलीचा शब्द घरात कोणी ऐकला नाही.

२०१६ मध्ये जगात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या, आणि आपला देश मुस्लिमबहुल नाही. म्हणून मी धर्माआधी वय बघते, लग्नाला किती दिवस झाले ते बघते, आणि तिच्या हातात स्वतःचा फोन आहे का तेही.

अभ्यासासाठी विचारलं असेल तर मुराद खान यांच्या लेखांपासून सुरुवात करा. घरातल्या कुणासाठी, किंवा स्वतःसाठी विचारलं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो, आणि मराठीत बोलता येतं.