नवीन साधन आलं की मी त्याला आधी 'आचाऱ्यांना' लिहायला लावतो

तुम्ही विचारलंय: "इंटरनेटवर दर महिन्याला काहीतरी नवीन येतं. एआय चॅट, फोटोचं कार्टून, बोलून टायपिंग. सगळे लगेच वापरायला लागतात. मला आधी वैताग येतो आणि मग आपण मागे पडलो असं वाटतं. तुमची पहिली प्रतिक्रिया काय असते?"

वैताग मलाही येतो. पण माझा वैताग धंद्यातला असल्यामुळे त्याला थोडी शिस्त लागली आहे. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची पत्रं, वाढदिवसाचे फ्लेक्स. इंटरनेटवर जे येतं ते चार-सहा महिन्यांत गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून माझ्या काउंटरवर येऊन पडतंच. मग आवडो न आवडो, उघडून बघावं लागतं.

उघडलं की मी त्याला दोन शब्द लिहायला लावतो: आचाऱ्यांना आणि आचार्यांना. पहिले स्वयंपाक करतात, दुसरे विद्या देतात. मध्ये फरक आहे तो फक्त त्या पापणीसारख्या अर्ध्या र चा.

ही परीक्षा माझी नाही. १९९८ साली मी ज्या छापखान्यात लागलो तिथे एक जुने जुळारी होते. खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेलं, बोटांची टोकं काळी. नवीन पोरगा आला की ते हेच दोन शब्द जुळवायला द्यायचे. पोराने दोन्हीकडे रफार टाकला की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "म्हणजे शाल-श्रीफळ आचाऱ्याला द्यायचं आणि भाजी आचार्यांनी ढवळायची, असंच ना?" मी संगणकावर बसायला लागलो तेव्हा ते पाठीमागे येऊन उभे राहिले आणि मलाही तेच दोन शब्द सांगितले. मला जमलं, पण त्यासाठी कळांचा एक अगम्य क्रम पाठ करावा लागला होता.

त्या काळचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी आकार. पहिली वेलांटी आधी दाबायची, अक्षर मागून, कारण मशीनला 'कि' कळतच नव्हता, नुसती वेलांटी आणि नुसता क कळत होता. दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. तरी आम्हाला त्यात गैर काही वाटत नव्हतं. सवयीचा चिखल होता तो.

मग प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड आलं. आलं म्हणजे आमच्याकडे पोचलं. देवनागरी त्यात १९९१ पासून होती आणि विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही होता, तोही र. कृ. जोशी या मराठी माणसाने घडवलेला. पण पानं जुळवायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरला त्याचा गंध नव्हता, आणि आमचं सगळं काम पेजमेकरमध्ये. माझी प्रतिक्रिया काय होती? "हे सरकारी कचेऱ्यांसाठी ठीक आहे." शिवाय मी माझी परीक्षा घेतली होती आणि युनिकोड तीत नापास झालंय अशी माझी खात्री होती. आचाऱ्यांना लिहायला गेलो की आचार्यांनाच उमटायचं. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर शिफ्ट धरून J ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो आणि त्याचा पाय मोडला की पापणी उमटते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. चूक माझी होती, शिव्या मात्र युनिकोडने खाल्ल्या. पाच वर्षं लोक ईमेलवर चांगला युनिकोड मजकूर पाठवत होते आणि मी तो समोर ठेवून जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप करत होतो. त्याचा हिशोब मी अजून केलेला नाही, करायची हिंमत नाही.

(जाता जाता: ही पापणी दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरी साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एखाद्या फाइलमध्ये 'दऱ्या' शोधून सापडत नसेल आणि डोळ्यांना तो समोर दिसत असेल, तर डोकं आपटू नका, हे बघा.)

म्हणून २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी आणली तेव्हा मी शहाणपणा केला, लगेच नाक मुरडलं नाही. हसलो मात्र. दुकानात चार जण जमून फोनशी बोलत होतो, तो काहीच्या बाही लिहीत होता, चहा गार होत होता. परीक्षेत तो अर्धा पास झाला. 'आचाऱ्यांना जेवण सांगा' म्हटलं तर कधी बरोबर लिहायचा, कधी थेट आचार्यांना जेवायला बसवायचा.

त्यानंतर वर्षभरात एक बाई आल्या, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचं पत्र छापायला. लिहिणं-वाचणं जेमतेम. पूर्वी अशा बायका "तुम्हीच घाला काय ते" म्हणायच्या, आणि मी संगणकातला ठेवणीतला मजकूर काढून नाव आणि तारीख बदलून द्यायचो. गावातले निम्मे मेलेले लोक माझ्याकडच्या तीन मजकुरांत मेलेत. या बाईंनी मात्र मोबाइल पुढे केला. नातवाने बटण दाखवलं होतं, त्या बोलल्या होत्या, फोनने लिहून घेतलं होतं. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, 'कैलासवासी' चं 'कैलास वासी', गावाचं नाव चुकलेलं. आणि मधेच एक वाक्य: पहाटे म्हशीची धार काढताना ते रेडिओ लावायचे, आता म्हैस रेडिओशिवाय पान्हा सोडत नाही.

वीस वर्षांत असं वाक्य माझ्या मशीनवर आलं नव्हतं. त्यांच्या दिराला ते नको होतं, पत्रात म्हैस कशाला म्हणून. बाई हटल्या नाहीत. मी शुद्धलेखन तेवढं केलं, विरामचिन्हं घातली आणि छापलं.

तेव्हापासून माझ्या परीक्षेचा एक पेपर वाढला. साधन अक्षर नीट लिहितं का, हा पहिला. दुसरा: ते समोरच्या माणसाचं बोलणं बाहेर काढतं, की माझ्या त्या तीन मजकुरांसारखाच चौथा ठेवणीतला मजकूर देतं?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. माझ्या काउंटरवर ते पोचलं २०२३ च्या लग्नसराईत. सुरुवातीला अशा चॅटबॉटची मराठी म्हणजे हिंदी सिनेमा मराठीत डब केल्यासारखी होती, आणि उत्तर रांगत रांगत यायचं. माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने कारण सांगितलं. ही यंत्रं मजकुराचे तुकडे करून वाचतात, इंग्रजी शब्द एखाद-दुसऱ्या तुकड्यात उरकतो, मराठी शब्दाच्या मात्र चिंध्या होतात. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा त्याच मराठी मजकुराला पूर्वीच्या साधारण एक-तृतीयांश तुकडे पुरायला लागले. मला ते लगेच पटलं. पेजमेकरमध्ये वेलांटी वेगळी आणि क वेगळा, त्यातलंच हे.

आता आचारी-आचार्य या चॅटबॉटना बरोबर येतं. फरक काय विचारलं तर व्याकरणासकट समजावून सांगतात, जुळारीकाकांनी मान डोलवली असती. दुसऱ्या पेपरात मात्र रडतात. 'श्रद्धांजलीचा मजकूर दे' म्हटलं की प्रत्येक मेलेला माणूस मनमिळाऊ, कष्टाळू आणि सर्वांचा आधारवड. म्हैस नाही, रेडिओ नाही. आम्ही आता गिऱ्हाइकाला सांगतो, आधी फोनमध्ये बोला, मनाला येईल ते बोला, मग ते त्याला फक्त नीट लावायला द्या. उलटं करू नका.

कार्टूनचं विचारलंत, तर २०२५ च्या मार्चअखेरीस ते घिबली, म्हणजे त्या जपानी कार्टून स्टुडिओच्या ढंगात फोटो बदलून देण्याचं वेड, आलं तेव्हा ऐन लग्नसराई होती. आठवडाभरात पत्रिकेवर तसलीच चित्रं हवीत म्हणून लोक यायला लागले. नवरा-नवरी गोंडस दिसायचे यात वाद नाही. एका घरच्या फोटोत आजोबांचा फेटा जाऊन टोपी आली, आजीची नथ गेली, आणि सगळे जपानी खेड्यात राहायला गेल्यासारखे दिसायला लागले. आजी म्हणाल्या, "ही कोण?" मी दहा-अकरा पत्रिका तशा केल्या. जूननंतर एकानेही मागितली नाही. मग सप्टेंबरात साडीतल्या फोटोंची लाट आली, तीही दिवाळीच्या आत ओसरली.

ज्या स्टुडिओच्या नावाने हे चाललं होतं तो १९८५ पासून बहुतेक चित्रं हाताने काढत आलाय, आणि त्याची शैली अशी वाटेवर पडल्यासारखी उचलली जाणं मला खटकलं. पण ते बोलायचा मला फारसा अधिकार नाही. आमच्या गावात दोन पेंटर होते. दुकानाच्या पाट्या, एसटी स्टँडवरच्या भिंती, गणपती मंडळांच्या कमानी सगळं त्यांच्या ब्रशने. फ्लेक्सचं मशीन आलं आणि तीन वर्षांत त्यांचा ब्रश वाळला. एक रिक्षा चालवायला लागला, दुसरा माझ्याच दुकानात फ्लेक्सला रिंगा ठोकायला आला. तेव्हा मी काही बोललो नव्हतो, मशीनचे हप्ते मीच भरत होतो.

आणि फ्लेक्सवरच्या अक्षरांची काय गोष्ट सांगू. चित्र काढणाऱ्या या साधनांना चेहरे जमतात, मराठी अक्षर जमत नाही. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' मागितलं तर लांबून बरोबर वाटतं, जवळ गेलं की 'हार्दीक शुभेच्घा' सारखं काहीतरी, आणि एखादं अक्षर तर कुठल्याच लिपीत नसलेलं. हल्ली सुधारलंय, पण एकदा पापणी मागितली तर त्याने र ला मिशी काढली. ल आणि श तर बहुतेकदा हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून ठरवलेत, हे त्या यंत्राला कोण सांगणार. त्या रिंगा ठोकणाऱ्या पेंटरला आता मी तेच काम दिलंय. चित्र यंत्राचं, त्यावरचं नाव हाताने लिहून स्कॅन केलेलं. लोक दोनशे रुपये जास्त देतात. सगळे नाही, पण देतात.

तेव्हा मागे पडण्याचं म्हणाल, तर मी युनिकोडच्या वेळी पाच वर्षं मागे पडलो ते वैतागामुळे नाही, न विचारल्यामुळे. आणि घिबलीच्या मागे धावलो त्यात पुढेही गेलो नाही. तुमच्या कामातलं तुम्हाला पक्कं येणारं, बाहेरच्याला हमखास चुकणारं काहीतरी असेलच. कैरीच्या लोणच्यातलं मिठाचं प्रमाण असेल, बिनशेती जमिनीचा उतारा असेल. नवीन साधनाला पहिल्या दिवशी ते विचारा. उत्तर आलं की वैतागायचं की वापरायचं ते तुम्हालाच कळेल.

परवाचीच गंमत सांगतो. एक मुलगी भावाच्या लग्नाची मंगलाष्टकं छापायला आली. चॅटबॉटकडून लिहून घेतलेली, दोन्ही घरची नावं गुंफलेली, प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्'. सोबत तिची आत्या होती. आत्यांनी काउंटरवरच पहिलं कडवं म्हणून बघितलं आणि तिसऱ्या शब्दाला ठेचकाळल्या. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडित वृत्तात चालतं: ओळीला १९ अक्षरं, १२ वर थांबा, उरलेली ७. 'कुर्यात् सदा मंगलम्' त्या शेवटच्या सातांत लघु-गुरूसकट तंतोतंत बसतं, म्हणून तर ते शेवटी असतं. यंत्राची ओळ होती 'आज या शुभ मुहूर्तावर दोन कुटुंबे एकत्र आली' आणि वर कुर्यात् सदा मंगलम्. वीस आणि सात, सत्तावीस. मुलीने तिथल्या तिथे त्याला विचारलं, हे शार्दूलविक्रीडित आहे का? ते म्हणालं, होय, अगदी अचूक आहे. अक्षरं मोजायला सांगितली तर १९ मोजून दाखवली, कुठून आणली देव जाणे.

आत्यांनी नावांचा क्रम तेवढा त्याचा ठेवला, तो चांगला होता. बाकी काउंटरवर बोटं आपटत, माझ्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहीत गेल्या. पहिली ओळ झाली: 'आली ही घटिका शुभा सकलही आनंदले सोयरे'. मी मोजली. बारा, सात. चालीतही म्हणून दाखवली, बाहेर उभा असलेला रिक्षावाला आत डोकावला.

मुलीने ती ओळ फोनमध्ये घालून विचारलं, बरोबर आहे का? फोन म्हणाला, फारच सुंदर, अधिक प्रवाही करून देऊ का?

"त्याला म्हणावं," आत्या म्हणाल्या, "हात लावू नकोस."