ट्यूबमधला हिरवा बाजूला ठेव

भावा, जलरंगात निसर्गचित्रं काढायचीत पण कलाशाळेत गेलो नाही, म्हणून खट्टू होऊ नकोस. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर आपल्या कोल्हापूरचेच, तेही स्वतःच शिकले. लहानपणापासूनचं रानावनाचं वेड हे तुझं भांडवल. पण झाड ओळखता येणं वेगळं आणि त्याची सावली दिसणं वेगळं.

आधी तयार हिरवा पेटीतून काढ. पन्हाळ्याच्या वाटेवरचा ऊस नीट बघ. कोवळ्या पानांत पिवळा जास्त, बुडाला वाळक्या पाचटाचा तपकिरी. अल्ट्रामरीन निळ्यात लेमन यलो मिसळ; भडक वाटला तर किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). सावलीत निळा वाढव. काळ्याला हातच लावू नकोस.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घे. महाग पडतो, पण पातळ कागद पाणी लागलं की फुगलाच. भारी ब्रश नंतर बघू. पावसाळ्यात हवा ओली, थर लवकर वाळत नाही. घाईने दुसरा थर चढवलास की चिखल! तेवढ्यात शेजारी पेन्सिलने दुसरं स्केच काढ.

रंकाळा तलावावर सकाळी लवकर जा, सावल्या लांब असतात तेव्हाच. संध्याकाळी भेळेकडेच लक्ष जातं (माझं तरी). चित्रकार आबालाल रहिमान याच परिसरात रमले. राजारामपुरीत नट-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथली निसर्गचित्रं जवळून बघ.

आणि फोटोवरून रंगवणं सध्या नकोच. मोबाइलमध्ये सावल्या काळ्याठिक्कर होतात, त्यातला निळा-जांभळा गायब.