टेक्निकल रायटरची नोकरी सोडून फ्रीलान्स काम करायचंय, तासाचा दर किती सांगू?

सध्याच्या वार्षिक पगाराला १,००० ने भागा; येईल तो तासाचा किमान दर. आठवड्याचे ४० तास धरले तर वर्षाचे २,०८० होतात खरे, पण सुट्ट्या, आजारपण, कोटेशन, नवी कामं शोधणं यांत वेळ जाऊन बिल लावता येतील असे साधारण १,२०० उरतात. विमा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर तुमच्याच खिशातून, म्हणून पगारात पाचवा हिस्सा वाढवून धरलाय; त्यामुळेच १,२०० ऐवजी १,००० ने भागायचं. पानामागे दर मात्र शक्यतो घेऊ नका: बरेच तास इंजिनिअरांशी बोलण्यात आणि प्रॉडक्ट वापरून बघण्यात जातात, शिवाय चांगलं संपादन केलं की पानं उलट कमीच होतात! घ्यावाच लागला तर दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या, हे आधी लेखी ठरवा. वर्षभराचं पक्कं काम मिळणार असेल, तर दर थोडा उतरवायला हरकत नाही.