बडोद्यात बोअरच्या पाण्याने धुतलेल्या दुधाच्या टँकरच्या स्टीलवर पांढरे ठिपके राहतात, ते कसे टाळावेत?
टँकर सावलीत, पत्रा गार झाल्यावर सौम्य साबणाने धुवावा आणि पाणी वाळण्याआधीच मऊ कापडाने कोरडा पुसावा. आपण सांगता ते ठिपके गंजाचे नसून, क्षारयुक्त पाण्याचा थेंब आटल्यावर मागे उरणाऱ्या कॅल्शियमचे असावेत. थेंबाच्या कडेची पांढरी कडी नीट पाहिल्यास दिसते. जुन्या ठिपक्यांना पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून लावावे, पत्र्यावरील रेघांच्या दिशेने पुसावे व लगेच धुवावे. तारेची घासणी कृपया वापरू नये, कारण तिचे लोखंडी कण पत्र्यात रुतून पुढे गंजतात. ब्लीच आणि बाथरूमचे अ‍ॅसिडही वर्ज्य, कारण त्यांतील क्लोराइडमुळे क्रोमियमचा संरक्षक थर भेदला जातो. मात्र डागाच्या जागी बोटाला खळगा लागत असेल, तर तो पुसून जाणार नाही, तिथे पॉलिशच करून घ्यावे लागेल.